बिनभस्माचा व्हॉल्व

कवठाळी ही वीरभद्रची सासुरवाडी, म्हणून तर सगळी पंचाईत. परक्या गावचा रेडिओ मेकॅनिक असता तर लोकांनी त्याला तोंडावर चोर म्हटलं असतं, त्यानंही चार शब्द परत दिले असते आणि मामला तिथंच मिटला असता. पण जावयाला चोर म्हणायचं कसं? त्यामुळे चाकूरच्या फाट्यावर एसटीतून उतरून, दोन कोस उन्हातून चालत तो गावात शिरला तेव्हा जो भेटला तो गोडच बोलला. "या दाजी. लई ऊन हाय बगा. आज रेडू बोलणार म्हनं?" एवढं विचारून माणूस आपल्या पायाकडं बघत पुढं जायचा.

रेडिओ बोलला तर बरंच होतं. नाही बोलला तर दिवेलागणीला मठाचे स्वामी रेडिओच्या मालकाच्या, अण्णारावच्या ओसरीवर येणार होते. त्यांच्यासमोर वीरभद्रनं गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घ्यायचं आणि शपथेवर सांगायचं, की या रेडिओतला एकही पुर्जा मी काढून घेतलेला नाही. हा निरोप त्याच्याच मेहुण्यानं, बसलिंगप्पानं, लातूरला येऊन दिला होता. निरोप देताना त्यानं बहिणीच्या घरचा चहासुद्धा घेतला नाही. तो गेल्यावर महादेवी नवऱ्याकडं पाठ करून चुलीपुढं बसली आणि दोन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

अडचण अशी होती, की वीरभद्रनं एक पुर्जा काढला होता.

रेडिओ अण्णारावच्या वडिलांचा. गावात वीज आली त्या वर्षी म्हाताऱ्यानं तो हैदराबादहून आणला होता. शिसवी पेटी, पुढं जाळीचं कापड, पोटात पाच काचेचे व्हॉल्व. दसऱ्याला घरातल्या नांगराची, विळ्यांची, बैलगाडीची पूजा व्हायची तशी रेडिओचीही व्हायची, आणि म्हातारा नुसतं वरून फूल वाहून मोकळा होत नसे. मागचं पुठ्ठ्याचं झाकण उघडून तो एकेका व्हॉल्ववर तीन बोटांनी भस्माचे पट्टे ओढायचा. काच तापून तापून ते भस्म असं भाजून बसलं होतं, की नखानं खरवडूनही निघत नव्हतं. म्हातारा जाऊन चार वर्षं झाली तरी रेडिओच्या पोटात त्याची बोटं तशीच होती.

यंदाच्या महाशिवरात्रीला रेडिओ मुका झाला. आतला दिवा लागायचा, घरघर यायची, पण काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तरी स्टेशन एकही नाही. अण्णारावनं तो घोंगडीत गुंडाळला आणि लातूरला, गंजगोलाईच्या मागच्या बोळात वीरभद्रच्या दुकानात आणून ठेवला. नवा जिल्हा झाल्यापासून लातुरात आठवड्याला एक ऑफिस उघडत होतं आणि प्रत्येक साहेबाच्या टेबलावर ट्रान्झिस्टर होता. व्हॉल्वच्या रेडिओला हात लावणारा शहरात वीरभद्र तेवढा उरला होता.

"दाजी, दुरुस्त करा," अण्णाराव म्हणाला. "पर बाबाच्या वक्ताचा एक बी पुर्जा बदलायचा न्हाई. हाय त्यातच बशिवा."

पाचांतला एक व्हॉल्व थकला होता. हवेतलं स्टेशन पकडायचं काम त्याचंच. दुकानात त्याच्यावर रेडिओ लागायचा, पण आजाऱ्यासारखा कुजबुजायचा. वीरभद्रनं दोन दिवस त्याच्यापुढं डोकं फोडलं. तिसऱ्या दिवशी त्यानं आपल्या खणातला एक चांगला व्हॉल्व काढून तिथं बसवला. लगेच परभणी केंद्र असं खणखणीत लागलं, की शेजारचा शिंपी मशीन थांबवून बघायला आला. अण्णारावला खरं सांगितलं असतं तर तो रेडिओ तसाच उचलून घेऊन गेला असता. म्हणून वीरभद्रनं सांगितलं नाही. व्हॉल्वचे पैसेही घेतले नाहीत. नव्या व्हॉल्ववर आपल्या डबीतल्या भस्माचे पट्टे ओढावेत, हेही मनात येऊन गेलं. त्यानं डबी उघडली, बोटं बुडवली, आणि मग ती स्वतःच्याच कपाळाला लावली. भस्माला खोटं बोलायला लावणं त्याच्याच्यानं झालं नाही. आपण मात्र गप्प बसून खोटं बोललो, हे त्याला तेव्हा जाणवलं नाही.

पुढं सगळं विपरीत झालं. दुकानात गाणारा रेडिओ कवठाळीला जाऊन पुन्हा मुका झाला. अण्णारावनं परत आणला, दुकानात बटण फिरवताच रेडिओ बोलायला लागला. वीरभद्रला वाटलं, गाडीच्या हिसक्यानं कुठंतरी तारेचा झाळलेला डाग सुटत असेल. त्यानं सगळे डाग नव्यानं दिले. "घरी लाईट बरोबर हाय ना?" असंही विचारलं. अण्णाराव म्हणाला, "लाईट झकास हाय. पोथी वाचता येती." वीरभद्रनं तो विषय सोडून दिला. रेडिओ गावी गेला आणि तिसऱ्यांदा मुका झाला. त्या दिवशी अण्णारावनं पुठ्ठ्याचं झाकण स्वतः उघडलं. चार व्हॉल्वांवर बापाची बोटं होती, पाचव्यावर नव्हती.

*

वीरभद्र ओसरीवर टेकला तेव्हा उन्हं कलली होती, पण वीज चारला यायची होती. अण्णारावच्या आईनं, पार्वतम्मानं, तांब्याभर पाणी आणून दिलं. ती तांब्या देऊन हटली नाही, तो पिईपर्यंत उभी राहिली. त्यानं अर्धा पिऊन तांब्या खाली ठेवताच तिनं उरलेलं पाणी आत नेऊन माठात ओतलं. एरवी जावयाचं उष्टं पाणी कुणी माठात ओतलं नसतं. यंदा कवठाळीत असल्या गोष्टी कुणाच्या लक्षातही येत नव्हत्या. गावातल्या अकरा विहिरी पौषातच आटल्या होत्या, आणि नवा जिल्हा झाल्याबरोबर सरकारनं चौकात खोदून दिलेला एक बोर सगळ्या गावाला पाजत होता.

वीरभद्रनं पिशवी उघडली आणि विजेचं माप घ्यायचं मीटर बाहेर काढलं. एसटीत दुष्काळी कामावर जाणाऱ्या बायांची गर्दी होती, कुणाचं तरी खोरं पिशवीवर पडलं होतं. मीटरची काच फुटली होती आणि काटा वाकून एका जागी रुतला होता. बोटानं ढकलला तरी हलेना. मीटर नाही म्हणजे आता सगळं अंदाजानंच. पिशवीच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला अण्णारावच्या बापाचा व्हॉल्व मात्र शाबूत होता. तो परत द्यायचा म्हणून त्यानं आणला होता, पण कसा द्यायचा ते त्याला चाकूरपासून इथवर सुचलं नव्हतं. त्यानं पिशवीचं तोंड पटकन आवळलं.

"काय झालं दाजी?" अण्णाराव खांबाला टेकून त्याच्या हाताकडंच बघत होता.

"मीटर गेलं."

"मंग?"

"मंग काय. हात हायेत, कान हायेत."

ओसरीवर सात-आठ माणसं जमली होती. बसलिंगप्पा सगळ्यांत मागं, भिंतीला चिकटून बसला होता. त्यानं अजून दाजींना रामराम केला नव्हता.

चारला वीज आली. ओसरीच्या आढ्याला टांगलेला दिवा लागला, चौकातून बोरच्या मोटारीचा घूं असा आवाज सुरू झाला आणि मागोमाग बायकांच्या घागरी खणखणायला लागल्या. वीरभद्रनं रेडिओचं बटण फिरवलं. डायलमागचा छोटा दिवा तांबूस लागला. जुना झालाय, त्यानं मनात म्हटलं. व्हॉल्व हळूहळू तापले. घरघर आली. त्यानं काटा फिरवला. परभणी नाही, औरंगाबाद नाही, हैदराबाद नाही. माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

आवाजाच्या बटणामागच्या तारेला त्यानं बोट लावलं. रेडिओ असा भोंकला, की पुढं बसलेला म्हातारा दचकून मागं सरकला. म्हणजे रेडिओचं तोंड शाबूत होतं, कान गेले होते. दोष पुढच्याच भागात, आणि त्याच भागात त्याचा स्वतःचा व्हॉल्व होता. त्यानं पिशवीतून आणखी एक व्हॉल्व काढला, हा नवाकोरा. तो बसवून बघितला. घरघर तीच.

"दुसरा बी चालंना व्हय," कुणीतरी म्हणालं. कुणी काही बोललं नसतं तर बरं झालं असतं, असं वीरभद्रला वाटलं.

त्यानं बांबूची काडी घेऊन एकेक डाग ठोकून बघितला. काट्याबरोबर फिरणाऱ्या पत्र्यांच्या फटीतून पोस्टकार्ड फिरवलं, कुठं पत्र्याला पत्रा लागलाय का म्हणून. रॉकेलच्या बोळ्यानं बटणं पुसली. माळवदावर चढून एरियलची तार चाचपली, दोन्ही टोकं खरवडून पुन्हा बांधली. खाली आला तेव्हा सदऱ्याचा पाठीवरचा भाग चिंब झाला होता आणि उन्हं अंगणातून भिंतीवर चढली होती. माळवदावरून त्यानं चौकातली रांग बघितली होती. घागरींची रांग मारुतीच्या देवळापासून वळून पार चावडीपर्यंत गेली होती.

राहिलं अर्थिंग. अंगणाच्या कोपऱ्यात, न्हाणीच्या सांडपाण्याच्या जागी, रेडिओची तार जमिनीत पुरलेली होती. ती जागा कधीकाळी बारा महिने ओली असायची. आता तिथं भेगा पडल्या होत्या, बोट जाईल एवढ्या. वीरभद्र तिथं उकिडवा बसला आणि मान वर न करता म्हणाला, "अव्वा, तांब्याभर पाणी पायजे."

पार्वतम्मा दारातच होती. "पिवायला?"

"न्हाई. इथं वतायला."

म्हातारीनं एकदा भेगेकडं बघितलं. मग आत गेली आणि माठातलं पाणी तांब्यात घेऊन आली, काठोकाठ भरून. त्यानं ते भेगेत ओतलं. चुर्र असा आवाज झाला आणि जमिनीनं ते असं गिळलं, की वर ओल तेवढी राहिली. वीरभद्र धावत ओसरीवर आला, काटा फिरवला. घरघर थोडी कमी झाली होती. बाकी काही नाही.

"पानी बी गेलं," मागून कुणीतरी हळूच म्हणालं. वीरभद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पार्वतम्मा उंबऱ्यावर बसली. तिचा राग दिसत नव्हता, उलट तिला या माणसाची कीव येत असावी. "शिवरातीला सकाळी हळू का हुईना, पर बोलत होता बगा," ती म्हणाली. "दुपारी बोरची पूजा झाली, सायब आले, नारळ फोडला. अन् संध्याकाळी ह्याची वाचा बसली. ह्याला बी बोरच बघायचा होता का काय की."

लोक हसले. वीरभद्र हसला नाही, आणि त्यानं ते नीट ऐकलंही नाही. त्याच्या कानात नुसती घरघर भरून राहिली होती. तीस वर्षं तो या पेट्या उघडत होता. एकाही रेडिओनं त्याला असं रडवलं नव्हतं, आणि रडवायचंच होतं तर सासुरवाडीत कामून, असं त्याला सारखं वाटत होतं.

*

स्वामी आले तेव्हा उजेड अजून होता, पण उन्हं गेली होती. म्हातारे, कृश, भगवी छाटी, हातात काठी. लोकांनी उठून नमस्कार केला. त्यांनी घोंगडीवर बसून सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि वीरभद्रला म्हणाले, "जमलं का बाबा?"

"न्हाई जमलं."

"मग कसं करायचं?"

अण्णाराव पुढं आला. त्याचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "स्वामी, मी लई बोलत न्हाई. माझ्या बापाच्या हाताचा एक व्हॉल्व ह्याच्यातून गेलाय. कुठं गेला मला ठावं न्हाई. दाजींनी लिंगावर हात ठिवून सांगावं, मी काढला न्हाई. मी त्यांचे पाय धरतो अन् इषय मिटवतो."

सोपं होतं. दोन शब्द म्हणायचे आणि रात्री आठच्या ट्रकनं चाकूर गाठायचं. पाय धरायला अण्णाराव तयार होता, महादेवीचं माहेर शाबूत राहिलं असतं. बसलिंगप्पानं इतक्या वेळात पहिल्यांदाच मान वर करून दाजींकडं बघितलं. बोला की, असंच ते बघणं होतं.

वीरभद्रनं पिशवीत हात घातला, वर्तमानपत्राची पुडी काढली आणि स्वामींच्या पुढं घोंगडीवर उलगडली. काचेवरचे तीन पांढरे पट्टे सगळ्यांना दिसले.

"मीच काढला," तो म्हणाला. "हा थकला होता. ह्याच्या जागी माझ्याजवळचा चांगला घातला. इचारलं असतं तर तुम्ही न्हाई म्हनला असता, म्हणून इचारलं न्हाई. सांगितलं बी न्हाई. चूक झाली. पर चांगला काढून वाईट घातला, असं न्हाई केलं."

अण्णारावनं तो व्हॉल्व उचलला, धोतराच्या सोग्यात धरला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्यामुळे तो आणखीनच चिडला. "चांगला घातला म्हनता. मंग बोलंना का?"

हाच तर प्रश्न तो दोन महिने स्वतःला विचारत होता. बसलिंगप्पानं मान पुन्हा खाली घातली. भिंतीशी कुणीतरी 'मेकॅनिक लोकांचं असंच असतं' असं पुटपुटलं, आणि दाजी हा शब्द त्यात नव्हता.

वीरभद्र उठला. उठताना आढ्याचा दिवा त्याच्या कानाशी आला आणि चटका बसेल म्हणून तो सवयीनं मागं झाला. चटका बसला नाही. दुकानात दिव्याजवळ नुसता हात नेला तरी पोळतं. त्यानं हात वर केला आणि तो दिवा मुठीत धरला. कोमट होता. उजेड तर चांगला, पोथी वाचण्यासारखा, आणि काच कोमट. त्यानं मान तिरपी करून काचेवरचे आकडे वाचले.

"हा दोनशेचा दिवा कुणी लावला?"

"मीच," अण्णाराव म्हणाला. "साठचा होता, तो काडीवानी जळायला लागला. लातूरवरनं मोठा आनला. गावात समद्यांनीच आनले. का?"

"कवापासून जळायला लागला तसा?"

अण्णाराव आठवायला लागला, पण उत्तर उंबऱ्यावरून आलं. "शिवरातीपासून," पार्वतम्मा म्हणाली. "बोर चालू झाला तवापासून."

वीरभद्र पुन्हा घोंगडीपुढं येऊन बसला. त्याला हसू येत होतं आणि स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावंसं वाटत होतं. त्यानं सांगायला सुरुवात केली ती स्वामींकडं बघून, पण सांगत होता अण्णारावला. गावाच्या डीपीची, त्या खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरची, ताकद केवढीशी, बोरची मोटार दहा हॉर्सची. वीज असते तोवर मोटार चालूच, आणि गावातली सगळी पॉवर ती ओढून घेते. दिव्याला कमी पडली ते तुम्हाला दिसलं, म्हणून तुम्ही मोठा दिवा लावला, आणि मग कमी पडतंय हे दिसायचं बंद झालं. रेडिओला मोठा दिवा लावता येत नाही. अर्ध्या पॉवरवर व्हॉल्व तापतात, घरघर करतात, पण स्टेशन पकडत नाहीत. लातूरला पॉवर पुरते, म्हणून तिथं बोलतो. "तुमचा व्हॉल्व बी खरा, माझा बी खरा," तो म्हणाला. "मोटार पाच मिनिटं बंद करा. बोलला न्हाई तर मला चोर म्हना."

त्याच्या आवाजात असा जोर आला होता, की दोघंतिघं उठून उभे राहिले. अण्णारावही उठला. "करू बंद," तो म्हणाला. "होऊन जाऊ दे काय ते खरंखोटं. बसलिंग, जा. मोटार बंद करायला सांग."

बसलिंगप्पा उठला, पण निघाला नाही. "अण्णा," तो म्हणाला, "चार दिस झाले, पानी लई खाली गेलंय. धार करंगळीएवढी येऊन राहिली. हाय ती चालू हाय तवर ठीक. बंद केली तर ह्या पॉवरवर पुन्हा उचलंल का न्हाई, भरवसा न्हाई. अर्धी रांग रिकामी हाय अजून."

"पाच मिनिटांनं काय हुतंय?"

"काय बी हुईल. न्हाई उचललं तर उद्यापातुर पानी न्हाई."

अण्णाराव हट्टी माणूस. त्यानं बापाचा व्हॉल्व सोग्यात घट्ट धरला होता आणि त्याला आता निकाल हवा होता. "जा म्हनलं ना."

वीरभद्रला ओसरीवरून चौक दिसत नव्हता, घागरींचा आवाज तेवढा येत होता. आवाज आता खणखणता नव्हता. एकेक घागर पुढं सरकत होती आणि मधे बराच वेळ जात होता. त्या रांगेत बसलिंगप्पाची बायको असणार, तिची म्हातारी सासू असणार, म्हणजे महादेवीची आई. त्याला मघाचा तांब्या आठवला, भेगेत गेलेला. पाच मिनिटांत त्याचं नाव धुऊन निघणार होतं. त्यानं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"नका करू बंद," तो म्हणाला.

अण्णाराव वळला. "आता काय झालं?"

"माझ्या नावासाठी नका करू. मी शपथ घेतो. काय केलं ते सांगितलंच हाय, तेच लिंगावर हात ठिवून सांगतो. तुमाला पटलं तर पटलं. न्हाई पटलं तर आजपासून मी ह्या गावचा दाजी न्हाई. महादेवीला येऊ द्या तेवढं."

बसलिंगप्पानं तोंड दुसरीकडं फिरवलं. स्वामींनी काठी बाजूला ठेवली आणि हात पुढं करून नुसतं 'घे' म्हणाले. वीरभद्रनं मांडी घातली, गळ्यातली चांदीची चौकी उघडली, लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि उजवा हात त्यावर ठेवला. रेडिओ तसाच चालू होता, घरघर करत. तो बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"मी वीरभद्र," त्यानं सुरुवात केली, "ह्या रेडिओतला एक व्हॉल्व न सांगता काढला..."

आणि ओसरी लख्ख झाली. आढ्याचा दिवा असा पांढरा भडकला, की लोकांनी डोळ्यांपुढं हात धरले. वीरभद्र बोलायचा थांबला. डायलमागचा तांबूस दिवा पिवळा झाला, पेटीच्या मागच्या भोकांतून उजेड बाहेर आला. तळहातावर लिंग धरून तो मोजत राहिला, एक, दोन, तीन, व्हॉल्व तापायला जेवढा वेळ लागतो तेवढा. घरघर बारीक झाली, तिच्याखालून कुठूनतरी लांबून एक माणूस बोलत आल्यासारखा आला, आणि पुढच्या श्वासाला परभणी केंद्राचा तो माणूस अण्णारावच्या ओसरीवर बसून बोलायला लागला. उन्हाळी नांगरटीबद्दल सांगत होता. खणखणीत, शब्द न शब्द.

बाकीच्यांनी ते ऐकलं मात्र, आणि ओसरी हलली. पुढचा म्हातारा टाळ्या वाजवायला लागला. अण्णाराव रेडिओपुढं गुडघ्यावर बसला होता, त्यानं जाळीच्या कापडाला हात लावला आणि वळून म्हणाला, "दाजी, पुरं. ठिवा ते लिंग चौकीत. माझं चुकलं."

वीरभद्र त्याच्याकडं बघत नव्हता. तो बसलिंगप्पाकडं बघत होता. बसलिंगप्पा जागचा हललाच नव्हता. मोटार बंद करायला कुणीच गेलं नव्हतं.

सगळ्या ओसरीत ते आधी त्यालाच कळलं. दिव्याच्या उजेडावरून कळलं. मग चौकातून बायकांचा गलका आला, रिकाम्या घागरींचा आवाज आला, आणि कुणीतरी पळत येऊन अंगणात उभं राहिलं. "बोर आटला," तो माणूस धापा टाकत म्हणाला. "नुसती हवा यायला लागली. मोटार जळंल म्हणून बंद केली."

टाळ्या थांबल्या. रेडिओवरचा माणूस नांगराचा फाळ किती खोल जावा ते समजावून सांगत राहिला. लोक एकेक करून उठले आणि चौकाकडं निघाले. बसलिंगप्पा जाता जाता थांबला, वाकला आणि दाजींच्या पायाला हात लावून गेला. वीरभद्रला त्याचं काहीच वाटलं नाही, आणि काहीच वाटू नये याचीच त्याला लाज वाटली.

अण्णाराव तिथंच बसून होता, रेडिओकडं तोंड करून. थोड्या वेळानं तो म्हणाला, "दाजी, बंद करा ते."

वीरभद्रनं हात लांब करून बटण फिरवलं. मग तो अंगणाच्या कोपऱ्यात गेला, जिथं अर्थिंगची तार जमिनीत शिरत होती. त्यानं तिथं हात ठेवून बघितला. माती कोरडी झाली होती. माठात आता किती उरलंय, हे पार्वतम्माला विचारायचा त्याला धीर झाला नाही.